क्रॅनबेरी, पाणी, क्रीम की रोजची गोळी? वारंवार उन्हाळी लागणाऱ्या स्त्रियांसाठी तुलना

उन्हाळी लागली की घरात धने-जिऱ्याचं पाणी होतं आणि औषधाच्या दुकानातून अल्कलायझरचं (लघवीतलं आम्ल कमी करणारं) सिरप येतं. त्याने जळजळ थोडी शमते, पण मूत्रमार्गाचा पुढचा संसर्ग टळत नाही. सहा महिन्यांत 2 किंवा वर्षात 3 वेळा संसर्ग झाला, तर डॉक्टर त्याला ‘वारंवार होणारा’ म्हणतात आणि तेव्हा प्रतिबंधाचा विचार सुरू होतो. क्रॅनबेरी (परदेशी लाल आंबट फळ) हा त्यातला एक पर्याय आहे, पण ती एकटी नाही आणि प्रत्येकीसाठी पहिलीही नाही.

काहीही विकत घेण्याआधी निदान एकदा लघवीचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) हाती असावं. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी, मधल्या धारेचा नमुना निर्जंतुक डबीत घ्यावा आणि दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवावा. ते जमणार नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी. कल्चर दरवेळी निगेटिव्ह येत असेल तर जळजळीचं कारण वेगळं असू शकतं: योनीतला बुरशीचा संसर्ग, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, मुतखडा. त्यावर क्रॅनबेरीचा उपयोग नाही.

क्रॅनबेरी काय करते

बहुतेक संसर्ग ई. कोलाय या जंतूमुळे होतात. हा जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटला तरच टिकतो. क्रॅनबेरीतले ए-प्रकारचे प्रोअँथोसायनिडिन, म्हणजे लेबलवरचं ‘पीएसी’, त्याला चिकटू देत नाहीत. जंतू मारण्याचं काम त्यांचं नाही. म्हणून संसर्ग झाल्यावर क्रॅनबेरी घेऊन उपयोग नसतो.

पुराव्याचा इतिहास वळणाचा आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2012 च्या आढाव्याने फारसा फायदा नाही असं म्हटलं होतं. 2023 च्या आढाव्यात 50 अभ्यास घेतले आणि निष्कर्ष बदलला: वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे 26 टक्क्यांनी कमी. म्हणजे समजा शंभरपैकी 40 जणींना संसर्ग होणार होता, तर साधारण 30 जणींना होईल. फायदा आहे, पण चमत्कार नाही. गरोदर स्त्रियांमध्ये आणि वृद्धाश्रमातल्या वयस्कर लोकांमध्ये फायदा दिसला नाही.

लेबल वाचताना

बरेचसे पैसे वाया जातात ते इथे. डबीवर ‘क्रॅनबेरी अर्क 500 मिग्रॅ’ लिहिलेलं असतं. त्यात पीएसी किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. अभ्यासांत सहसा वापरली जाणारी मात्रा दिवसाला 36 मिग्रॅ पीएसी आहे. अर्कात पीएसी 15 टक्के असेल तर 240 मिग्रॅ अर्कात ती मिळते. तोच अर्क 1 टक्क्याचा असेल तर 500 मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये 5 मिग्रॅ, म्हणजे रोज सात कॅप्सूल लागतील. पीएसीचा आकडाच छापलेला नसेल तर ती डबी परत ठेवावी.

ज्यूसची अडचण साखरेची. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्थेने) 2020 मध्ये क्रॅनबेरी पेयांवर संसर्गाचा धोका कमी होण्याचा दावा करायला परवानगी दिली, तीसुद्धा ‘मर्यादित पुरावा’ या अटीसह: निदान 27 टक्के क्रॅनबेरी रस असलेलं पेय, रोज सुमारे 240 मिली. गोड केलेल्या अशा ग्लासात 25 ते 30 ग्रॅम साखर सहज जाते. मधुमेह असेल तर कॅप्सूलच बरी. बिनसाखरेचा शुद्ध रस इतका आंबट-तुरट असतो की फार दिवस कुणी पीत नाही.

आणि करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे. सुकवलेलं, गोड केलेलं, रंगवलेलं करवंद कधी कधी त्या नावाने खपवलं जातं. पण दोन्हींची कुळं वेगळी आहेत. क्रॅनबेरीच्या चाचण्यांचा निष्कर्ष करवंदाला लावता येत नाही. खायला मात्र जरूर खावं.

वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रॅनबेरी सुरू करू नये. ऑक्झलेटचे मुतखडे होत असतील तरी आधी विचारावं. अँटिबायोटिक चालू असेल तर कोर्स पुरा करावा. क्रॅनबेरी त्याच्या जागी चालत नाही.

पाणी: स्वस्त आणि दुर्लक्षित

दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या 140 तरुण स्त्रियांवर बल्गेरियात झालेली चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींनी रोज दीड लिटर जास्तीचं पाणी प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. हा फरक क्रॅनबेरीपेक्षा ठळक आहे. मात्र जी आधीच अडीच लिटर पिते, तिला तो मिळणार नाही. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या भरून ठेवाव्यात, तिसरी झोपायच्या बरीच आधी संपवावी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून दिलं असेल तर हे करू नये.

लोकलचा तासाभराचा प्रवास, बाजारातलं एकमेव अस्वच्छ स्वच्छतागृह, म्हणून कित्येक जणी मुद्दाम पाणी टाळतात. ही सवय नसून सोयीचा अभाव आहे, आणि त्याचं बिल मूत्राशयाच्या नावावर पडतं.

पाळी गेली असेल तर

इथे क्रॅनबेरीच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे योनीत लावायच्या इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेन संप्रेरकाच्या) क्रीमबद्दल विचारावं. 1993 च्या 93 स्त्रियांवरच्या चाचणीत क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी 0.5 वेळा, तर न लावणाऱ्यांना 5.9 वेळा संसर्ग झाला. इतका फरक या विषयात क्वचितच दिसतो. साधारण पद्धत अशी: दोन आठवडे रोज रात्री 0.5 मिग्रॅ, नंतर आठवड्यातून दोनदा. परिणामाला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत क्रीम सोडून देणं ही नेहमीची चूक. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञाचा सल्ला हवा.

डी-मॅनोज

आपल्याकडच्या बऱ्याच सॅशेंमध्ये क्रॅनबेरीबरोबर डी-मॅनोज ही एक प्रकारची साखर असते. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 598 स्त्रियांच्या चाचणीत रोज 2 ग्रॅम सहा महिने दिल्यावरही त्याचा ठोस फायदा दिसला नाही: डी-मॅनोज घेणाऱ्या 51 टक्के आणि न घेणाऱ्या 55.7 टक्के जणी पुन्हा तक्रार घेऊन आल्या. त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण उरत नाही. सॅशेत पोटॅशियम सायट्रेट आहे का तेही पाहावं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते धोक्याचं ठरतं.

एवढ्यानेही थांबत नसेल तर

मेथेनामाइन हिप्युरेट, 1 ग्रॅम दिवसातून दोनदा. आम्लधर्मी लघवीत त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं आणि जंतू मरतात. बरोबरीने अल्कलायझर सिरप घेतलं की औषध निकामी होतं, आणि हे दोन्ही एकाच पिशवीत घरी येऊ शकतात. 2022 च्या ब्रिटिश चाचणीत मेथेनामाइनवर वर्षाला 1.38 आणि रोजच्या अँटिबायोटिकवर 0.89 संसर्ग झाले; संशोधकांनी आधी ठरवलेल्या मर्यादेत हा फरक मान्य होता.

रोजच्या कमी डोसच्या अँटिबायोटिकचा प्रभाव जास्त, पण किंमतही जास्त. नेदरलँड्समधल्या 2011 च्या चाचणीत वर्षभरात को-ट्रायमोक्सझोल या अँटिबायोटिकवर सरासरी 1.8 आणि क्रॅनबेरीवर 4.0 संसर्ग झाले. त्या कॅप्सूलमध्ये पीएसी कमी होतं, हे लक्षात घ्यावं. मात्र महिन्याभरातच अँटिबायोटिक गटातल्या 86 टक्के स्त्रियांच्या शौचातले ई. कोलाय त्या औषधाला दाद देईनासे झाले. क्रॅनबेरी गटात हे प्रमाण 24 टक्के होतं. नायट्रोफ्युरंटॉइन हे अँटिबायोटिक महिनोनमहिने चालू असेल आणि कोरडा खोकला, धाप किंवा पायाला मुंग्या सुरू झाल्या तर लगेच कळवावं. संसर्ग फक्त संबंधानंतरच होत असेल तर रोज गोळी न घेता त्या वेळी एकच डोस घेण्याबद्दल विचारावं. शुक्राणुनाशक लावलेला कंडोम वापरत असाल तर आधी तो बदला.

तरुण, पाणी व्यवस्थित पिणारी, गोळ्या टाळू पाहणारी, वर्षाला तीन-चार वेळा त्रास होणारी: क्रॅनबेरी खरी तिच्यासाठी. रोज 36 मिग्रॅ पीएसी, न चुकता. वहीत तारखा लिहाव्यात. सहा महिन्यांनी आधीच्या सहा महिन्यांशी पडताळून पाहावं आणि फरक नसेल तर बंद करावी. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं किंवा लघवीतून रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. गरोदर असाल तर साध्या जळजळीलाही.