पिकअप आणि छोटी क्रॉसओव्हर: आठ महिन्यांनंतर मागच्या सीटचा हिशेब

आमच्या पिकअपची, टोयोटा हायलक्सची, मागची सीट कुरकुरते म्हणून गाडी तीनदा सर्व्हिस सेंटरला गेली. तिन्ही वेळा उत्तर एकच: "पिकअपमध्ये एवढं चालतंच." का चालावं? आवाज पाठीच्या लॉकमधून येतो. पाठ पुढे पाडायची, मागच्या पत्र्यावरच्या ज्या लोखंडी कडीत लॉक अडकतं तिला फेल्टच्या पट्टीचे दोन वेढे द्यायचे, आणि लॉक पूर्ण बसलंय ना हे पाठ जोरात ओढून बघायचं. दहा मिनिटांचं काम. सीट उघडलीच होती म्हणून मोजपट्टी लावली, आणि सुरुवातीपासून दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटमधला जो फरक खुपत होता त्याचं कारण हाती लागलं.

आकारावर जाऊ नका. हायलक्सची लांबी ५,३२५ मिमी; आमची दुसरी गाडी मारुती फ्रॉन्क्स, म्हणजे छोटी क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारखी उंच हॅचबॅक), तिची ३,९९५. म्हणजे सव्वा मीटरहून जास्त फरक, पण तो जवळपास सगळा बॉनेट आणि हौदा खातात. डबल कॅबमध्ये (दोन ओळी सीट असलेल्या पिकअपमध्ये) मागच्या माणसाच्या पाठीला लागूनच कॅबचा पत्रा येतो, त्यामुळे पाठ ताठ ठेवण्यावाचून इलाज नसतो. चार मीटरच्या आतली क्रॉसओव्हर गुडघ्याला तेवढीच जागा देते आणि पाठ नीट कलती ठेवते.

पहिले तीन-चार महिने सगळा दोष या ताठ पाठीवर टाकला होता. तो अंदाज चुकला. खरी गोची पायाखाली आहे. पिकअपची फ्लोअर चासीच्या (खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) वर बसते आणि छप्पर हवं तेवढं उचलता येत नाही, म्हणून गादी फ्लोअरच्या जवळ येते. फ्लोअरपासून गादीच्या पुढच्या कडेपर्यंत या पिकअपमध्ये ३० सेंमी भरले, क्रॉसओव्हरमध्ये ३६. या सहा सेंटिमीटरमुळे गुडघे वर येतात, मांडी गादीवरून सुटते, सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं आणि कंबर मागे गोल होते. गोल कंबरेला कुठलीही पाठ ताठच वाटणार.

घरी करायची परीक्षा: पुढची सीट रोजच्या जागी ठेवा, मागे बसा, पाय सपाट टेका आणि गादीच्या कडेशी मांडीखाली तळहात घाला. क्रॉसओव्हरमध्ये बोटं अडतात, पिकअपमध्ये अख्खा तळहात आत जातो.

कंबरेची उशी घेऊ नका, ती माणसाला पुढे ढकलते आणि मांडी आणखी सुटते. उपाय उताराच्या फोमचा: पुढे ४ सेंमी, मागे १ सेंमी, कडक, कव्हरच्या आत. कुशनवाले मऊ फोम गळ्यात मारतात. अंगठ्याने दाबून बघा, तळ लागला तर परत करा. बसल्यावर बेल्टचा खालचा पट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडांवरच राहिला पाहिजे. लहान मुलाची सीट लावताना हा फोम काढायचाच.

फोम घातल्यावर पिकअपबद्दलचं मत निम्मं बदललं. चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवेने फोर्टकडे जाताना पुलाच्या प्रत्येक सांध्याला कमरेत बसणारा दणका आता मांड्यांवर वाटला जातो. पूर्ण जात मात्र नाही, कारण मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) ओझ्यासाठी असतात आणि हौदा रिकामा असतो. त्यात सर्व्हिस सेंटरने मागच्या चाकांत भरलेल्या गाडीची हवा मारून दिली होती. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या लेबलवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिली असेल, तर चाकं थंड असताना तेवढीच ठेवा.

पुढच्या सीटवर पिकअप सरळ जिंकते: गादी लांब, खांदे मोकळे. मागे तिघं बसले तरी रुंदीचा फायदा तिलाच. पण पावसाळ्यात उघड्या हौद्यात बॅगा ठेवता येत नाहीत. कव्हर बसवलं तरी फाळक्याच्या कोपऱ्यातून पाणी येतं, मग सामान मागच्या पायांत येतं. फ्रॉन्क्सची डिकी ३०८ लिटरचीच, पण कोरडी.

मुंबईत सीटपर्यंत पोहोचणं हाही जागेचाच भाग. सोसायटीतली लहान पार्किंगची जागा २.३ बाय ४.५ मीटरची. १,८५५ मिमी रुंद हायलक्स मधोमध उभी केली की दोन्ही बाजूंना जेमतेम २२ सेंमी उरतात, फ्रॉन्क्सला पावणेसत्तावीस. लांबीत तर हायलक्स ८२ सेंमी बाहेर. २२ सेंमीत दार किलकिलं होतं. साडी सावरत, फूटबोर्डावर पाय देऊन त्यातून आत चढणं सासूबाईंना जमत नाही. गाडी बाहेर काढूनच त्यांना बसवावं लागतं. क्रॉसओव्हरमध्ये गादी कमरेच्या उंचीला येते, त्या नुसत्या मागे टेकतात आणि पाय आत घेतात.

चार महिन्यांत फोम पुढच्या कडेला एक सेंटिमीटर दबलाय. पुढचा रीबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला, कडक) घेणार, आणि या वेळी पाच सेंटिमीटरचा कापून.