आधी रास्कोल्निकोव्ह की आधी ॲना?

रशियन कादंबरीकडे पहिल्यांदाच वळणारा वाचक बहुतेक वेळा दोन पुस्तकांपाशी अडतो. एक दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट', दुसरी टॉल्स्टॉयची 'ॲना कारेनिना'. मग दोन्हींची जाडी बघतो आणि पहिली उचलतो. मला विचाराल तर जाडी बघू नका, प्रकरणं मोजा. 'क्राइम'ची प्रकरणं उपसंहार धरून 41, 'ॲना'ची 239. जाडजूड 'ॲना'चं एकेक प्रकरण चार-सहा पानांत आटोपतं. लोकलमध्ये दोन वाचावीत, झोपण्याआधी एक वाचावं, आठवडाभर खंड पडला तरी माणसं जागच्या जागी भेटतात. 'क्राइम' अशी तुकड्या-तुकड्यांनी वाचली तर हातची जाते. तिला सलग दोन-तीन रात्री द्याव्या लागतात.

का, ते पहिल्या भागातच कळतं. पीटर्सबर्गमधला जुलैचा उकाडा. कायद्याचं शिक्षण अर्धवट सुटलेला रास्कोल्निकोव्ह आपल्या खोलीपासून सावकारी करणाऱ्या म्हातारीच्या घरापर्यंतची पावलं मोजून आलाय, 730. कोटाच्या आत, काखेखाली, कुऱ्हाड अडकवण्यासाठी तो कापडाचा फास शिवतो. गहाण ठेवायची वस्तू म्हणून लाकडाचा तुकडा आणि लोखंडाची पट्टी कागदात गुंडाळतो आणि दोऱ्याने करकचून बांधतो, म्हातारीला गाठ सोडवायला वेळ लागावा म्हणून. ती उजेडासाठी खिडकीकडे वळते, गाठीशी झटापट करते, आणि वाचणाऱ्याचे हात गार पडतात. सहापैकी पहिल्याच भागात खून होऊन जातो. उरलेले पाच भाग आपण त्या माणसाच्या डोक्यात कोंडले जातो.

या खुनामागच्या कल्पनेचं बीज केवळ रशियन मातीतलं नाही. दोस्तोयेव्हस्कीचं पहिलं छापील काम म्हणजे फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकच्या 'युजेनी ग्रांदे'चा 1844 मधला अनुवाद. बाल्झाकच्याच 'फादर गोरिओ'मध्ये कायदा शिकणारा गरीब रास्तिन्याक मित्राला विचारतो: पॅरिसमधून न हलता, नुसत्या इच्छेने चीनमधला एक म्हातारा मंदारिन, म्हणजे तिथला बडा सरकारी अधिकारी, मारता आला आणि त्यातून आपण श्रीमंत झालो, तर काय करशील? तिथे हा गप्पांमधला प्रश्न आहे. दोस्तोयेव्हस्कीने प्रश्न विचारणाऱ्याच्याच हातात कुऱ्हाड दिली. पुढे दोस्तोयेव्हस्कीच्या पुस्तकांनी जर्मन तत्त्वज्ञ नित्शेला आणि फ्रेंच लेखक काम्यूला झपाटलं. आपल्याकडे मुंबईत 1958 साली 'फिर सुबह होगी' हा चित्रपट 'क्राइम'वरूनच निघाला.

'ॲना'चा जोडीदार फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर. त्याची 'मादाम बोव्हारी' तिच्या वीस वर्षं आधीची, आणि वरवर पाहता विषय तोच: लग्न झालेली बाई, परपुरुष, आत्मघात. दोन्ही नायिका कादंबऱ्या वाचतात. बोव्हारीची एमा पुस्तकांतलं प्रेम शोधत फिरते आणि फसते. ॲना मॉस्कोहून परतताना गाडीत इंग्रजी कादंबरीची पानं कागद कापायच्या सुरीने फाडते, पण तिचं वाचनात मन लागत नाही, कारण तिला स्वतःलाच जगायचंय. फ्लोबेर एमाला हातभर लांब ठेवून पाहतो. टॉल्स्टॉयने सुरुवात कितीही कठोरपणे केली असली, तरी लिहिता लिहिता तो ॲनाच्या बाजूला येऊन बसला, असं मला प्रत्येक वाचनात वाटतं. जानेवारी 1872 मध्ये त्याच्या शेजारच्या जमीनदाराकडे राहणाऱ्या ॲना नावाच्याच एका स्त्रीने जवळच्या स्टेशनात मालगाडीखाली जीव दिला होता. टॉल्स्टॉय तिचा मृतदेह पाहायला गेला होता.

मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. ॲना अठराव्या प्रकरणापर्यंत येतच नाही, आणि निम्मं पुस्तक लेव्हिन नावाच्या जमीनदाराचं आहे. पुष्कळजण लेव्हिनची पानं उलटून पुढे जातात. तसं करू नका. तिसऱ्या भागात तो मजुरांच्या रांगेत उभा राहून दिवसभर गवत कापतो. दुपारी एक म्हातारा भांड्यात पाव कुस्करतो, त्यावर पाणी ओततो, मीठ भुरभुरतो आणि त्याला जेवायला बोलावतो. लेव्हिनला ते इतकं गोड लागतं की तो घरी जेवायला जायचा बेतच सोडून देतो. बांधावर बसून भाकरी खाल्लेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

नावांची धास्ती दोन्हीकडे सारखीच, आणि मराठी माणसाला ती बाळगायचं कारण नाही. मधलं नाव बापाचं, आपल्यासारखंच. रोदिओन रोमानोविच म्हणजे रोमानचा मुलगा, अवदोत्या रोमानोव्हना त्याची बहीण. फरक इतकाच की बाईच्या मधल्या नावात लग्नानंतरही बापच राहतो. म्हणून ॲना अर्काद्येवना कारेनिना आणि स्तेपान अर्काद्येविच ओब्लोन्स्की आडनावांनी वेगळे असले, तरी भाऊ-बहीण आहेत हे लगेच ओळखता येतं. घरातली हाक तेवढी लक्षात ठेवा: रोदिओनचा रोद्या, अवदोत्याची दून्या.

इंग्रजीतून वाचणार असाल तर कॉन्स्टन्स गार्नेटचे जुने अनुवाद इंटरनेटवर फुकट आहेत. टॉल्स्टॉयला ते चालून जातात, पण मी लुईस आणि आयल्मर मॉड या दांपत्याचा घेईन, ते टॉल्स्टॉयला प्रत्यक्ष ओळखत होते. दोस्तोयेव्हस्कीची धाप लागलेली, अडखळणारी वाक्यं गार्नेट इस्त्री करून देतात. त्याच्यासाठी पीव्हिअर आणि व्होलोखोन्स्की यांचा 1992 चा अनुवाद घ्या, पैसे खर्च करावे लागले तरी.

सलग चार दिवस सुट्टी हाताशी असेल, तर 'क्राइम' उचला आणि फोन दूर ठेवा. नोकरी-संसारातून वेळ काढून वाचायचं असेल, आणि बहुतेकांचं तसंच असतं, तर 'ॲना'. पहिल्या भागाच्या तिसाव्या प्रकरणापर्यंत तिला वेळ द्या. हिमवादळात गाडी थांबते, ॲना मोकळी हवा घ्यायला फलाटावर उतरते आणि दिव्याच्या उजेडात तिच्या प्रेमात पडलेला व्रॉन्स्की पुढे येतो. तिथेही पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं, तर खुशाल दोस्तोयेव्हस्कीकडे वळा.