भारतातले पीपीएल (खासगी वैमानिक परवाना) अमेरिकेत नेताना: ६१.७५ घ्यावे की नवा परवाना काढावा?

बारामती किंवा धुळ्याला विमान उडवायला शिकलेला माणूस नोकरीसाठी अमेरिकेला गेला की लॉगबुकातल्या तासांचे काय, हा प्रश्न येतोच. एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाकडे, त्यासाठी दोन मार्ग आहेत. कागदावर पहिला सोपा वाटतो, पण तिथे राहणाऱ्यासाठी दुसराच चांगला.

पहिला म्हणजे नियम ६१.७५: भारतीय परवान्याच्या आधारे अमेरिकी परवाना. हातात पूर्ण भारतीय पीपीएल हवे; एसपीएलवर (शिकाऊ वैमानिक परवान्यावर) हे होत नाही. लेखी परीक्षा नाही, चेकराइड (परीक्षकासोबतची उड्डाण परीक्षा) नाही. एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या परवाना शाखेकडे परवाना पडताळणीचा अर्ज करायचा. ती शाखा डीजीसीएकडे, म्हणजे भारतीय नियामकाकडे, विचारणा करते. यात ४५ ते ९० दिवस धरून चाला. आलेले पत्र सहा महिनेच चालते, आणि तेवढ्या मुदतीत अर्जात लिहिलेल्या एफएसडीओत (एफएएच्या स्थानिक कार्यालयात) मूळ परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ओळखपत्र घेऊन स्वतः जावे लागते. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये घालायची पद्धत आहे. ते परवान्यावर असेल आणि पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने असेल, तर अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या.

सुट्टीत महिनाभर अमेरिकेत जाऊन सेस्नासारखे छोटे विमान भाड्याने घेणाऱ्याला ही सोय उत्तम. मात्र हा परवाना भारतीय परवान्याच्या खुंटीवर टांगलेला असतो. भारतीय क्रमांक त्यावर छापलेला असतो, दोन्ही कागद जवळ लागतात, भारतीय परवाना रद्द झाला की हाही निकामी. भारतीय परवान्याच्या मर्यादाही सोबत येतात, म्हणजे त्यावर रात्रीच्या उड्डाणाची मुभा नसेल तर अमेरिकेतही नाही. शिवाय कॅप्टन म्हणून उडण्याआधी प्रशिक्षकासोबत फ्लाइट रिव्ह्यू (उजळणी) द्यावाच लागतो: किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत.

प्रशिक्षण अर्धवट राहिलेल्याला दुसरा मार्ग, म्हणजे स्वतंत्र अमेरिकी परवाना. भारतीय प्रशिक्षकाने दिलेले डुअल (प्रशिक्षकासोबतचे) तास नियम ६१.४१ प्रमाणे धरले जातात, पण त्याच्या सहीची किंमत ‘प्रशिक्षण दिले’ एवढीच. सोलोची (एकट्याने उडण्याची) आणि परीक्षेची शिफारस अमेरिकी सीएफआय, म्हणजे एफएएचा परवानाधारक प्रशिक्षकच करतो. म्हणून प्रत्येक नोंदीवर प्रशिक्षकाचे नाव, परवाना क्रमांक आणि सही भारत सोडण्याआधीच पुरी करून घ्या. नंतर क्लबमध्ये कोण सापडेल याचा भरवसा नसतो.

भारतातले सर्वांत जास्त तास क्रॉस-कंट्रीत, म्हणजे दूरच्या विमानतळावर जाण्याच्या उड्डाणांत, बुडतात. पीपीएलसाठी अमेरिकेत क्रॉस-कंट्री म्हणजे निघालेल्या जागेपासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांहून जास्त अंतरावर लँडिंग. वरून वळून परत आलेले उड्डाण मोजत नाहीत. एकूण गरज ४० तास: त्यात २० डुअल, १० सोलो, सोलोपैकी ५ तास क्रॉस-कंट्री आणि त्यात एक १५० नॉटिकल मैलांची फेरी. रात्रीचे ३ तास व १० लँडिंग बहुतेकांचे राहिलेले असतात. चेकराइडच्या तयारीचे ३ तास आधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांतलेच लागतात, त्यामुळे तासांची बेरीज पुरी असली तरी नव्याने उडावे लागतेच.

शाळा निवडताना पार्ट ६१ (ठरावीक मान्य अभ्यासक्रमाचे बंधन नसलेली) घ्या. पार्ट १४१ (एफएएने मान्य केलेल्या अभ्यासक्रमाची) शाळा बाहेरच्या प्रशिक्षणाची सूट अभ्यासक्रमाच्या २५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि जाहिरातीत हे कोणी ठळक छापत नाही. परदेशी नागरिकाने उड्डाण प्रशिक्षणाआधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेची) सुरक्षा तपासणी करून घ्यायची. शुल्क १४० डॉलर, मंजुरी पाच वर्षे. ती येईपर्यंत जमिनीवरचा अभ्यास सुरू ठेवता येतो. पर्यटक व्हिसावर हे प्रशिक्षण चालत नाही.

लॉगबुक नव्याने लिहिताना मिनिटे दशांशात करा: ६ मिनिटे म्हणजे ०.१. उंचीमापकावर हेक्टोपास्कलऐवजी इंच पारा येतो, १०१३ म्हणजे २९.९२. हे हाताला बसायला थोडी उड्डाणे लागतात, आणि टॉवर नसलेल्या विमानतळावर रेडिओवर स्वतःच आपली जागा सांगत उतरण्याची सवय व्हायला त्याहून जास्त. पहिले चार-पाच तास त्यासाठीच राखून ठेवा.