सेपरेटिंग फनेल घ्यावं की कंडेन्सर?

फनेल म्हणजे एकमेकांत न मिसळणारे द्रव वेगळे करायचं तोटीचं नरसाळं; कंडेन्सर म्हणजे वाफ थंड करून तिचा पुन्हा द्रव करणारी, बाहेरून गार पाणी फिरणारी काचेची नळी. आठवी-नववीच्या प्रयोगशाळेसाठी दोन्हींतलं एकच परवडणार असेल तर मी पूर्वी बिनदिक्कत फनेल सांगायचे. कारण पाणी. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं आमचं लातूर. इथं कंडेन्सरसाठी तासभर नळ सोडून ठेवायचा, हे मनाला पटायचं नाही. आता मात्र सांगते: फनेल घरीच बनवा, पैसे कंडेन्सरवर घाला.

फनेलचं काम पाण्याच्या बाटलीवर भागतं. तळ कापून बाटली उलटी टांगायची, बुचाला भोक पाडून मेडिकलमधून आणलेल्या कोऱ्या सलाईन सेटची नळी घट्ट बसवायची. आत करडईचं तेल आणि पाणी. तेल हलकं, ते वर येतं. खालचं पाणी आधी धारेनं सोडा, दोन थरांमधली रेघ तोंडाशी आली की नळीचं चाक फिरवून थेंबाथेंबावर आणा. चाक कुणी फिरवायचं यावरून लेकरांची भांडणं होतात. काचेचंच फनेल असेल तर वरचं बूच आधी काढा, नाहीतर धार मध्येच अडते.

पण फनेलनं सुटतात ते एकमेकांत न मिसळणारे द्रवच. पाण्यात ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात तो द्रव) मिसळलं की फनेल हतबल. शिवाय हाती आलेला द्रव कोणता, हे ते सांगत नाही. ऊर्ध्वपातनात, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ कंडेन्सरमध्ये थंड करताना, थर्मामीटर ते सांगतो: ॲसिटोन 56 अंशांच्या आसपास निघतं, मग पारा चढत पाण्याकडे जातो. लातूर समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या वर असल्यानं इथं पाणी 98 अंशांजवळच उकळतं. मुलांनी दिसलं तेच लिहावं, पुस्तकातलं 100 नव्हे. आणि ॲसिटोन पेट घेतं, म्हणून बर्नर लांब. गरम पाण्याच्या भांड्यात चंबू ठेवा.

पाण्याचा प्रश्न कूलरच्या छोट्या मोटरीनं सुटला. बादलीत मोटर, तिची नळी कंडेन्सरच्या खालच्या तोंडाला, वरच्या तोंडाची नळी परत बादलीत. एका बादलीत तास निघतो.

ॲसिटोनही नको असेल तर बोअरचं पाणी ऊर्ध्वपातित करा. काचपट्टीवर एक थेंब बोअरचा, एक कंडेन्सरमधून आलेला, दोन्ही उन्हात वाळू द्या. बोअरच्या जागी पांढरी कड उरते, दुसरीकडे काहीच नाही. या एका पट्टीसाठीसुद्धा मी कंडेन्सर घेईन.

वायूंना वेगळा खर्च नको. ऑक्सिजन आणि हायड्रोजन पाण्यावर गोळा करा. निखारलेली काडी ऑक्सिजनमध्ये पुन्हा पेटते, हायड्रोजन पेटत्या काडीला ‘फट्’ आवाज देतो. अमोनिया पाण्यावर कधीच नको, तो त्यातच विरघळून जातो; उलट्या कोरड्या परीक्षानळीत धरा. कार्बन डायऑक्साइडसाठी पानाच्या दुकानातला चुना रात्री पाण्यात ढवळून ठेवा, सकाळी वरची निवळी घ्या आणि तिच्यात वायू सोडा. निवळी दुधाळ झाली की लगेच नोंद करा. वायू सोडतच राहिलात तर ती पुन्हा नितळ होते आणि मुलं गोंधळतात.