रिसीव्हर दाखवला एक, आवाज भलत्याचाच : माझे १,८६,५०० रुपये कुठे गेले

१,८६,५०० रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण नातेवाइकांना मी "असतील लाखभर" एवढंच सांगितलंय. टॉवर स्पीकरची जोडी ८४,०००, रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा, अ‍ॅम्प त्याच्यातच) ७९,५००, सेंटर स्पीकर १८,००० आणि वायरचे ५,०००. हो, वायरचे पाच हजार. दुकान ठाण्यात, घोडबंदर रोडच्या बाजूला. नाव लिहीत नाही, वकिलाने तसं बजावलंय. पण या भागात होम थिएटर शोधत हिंडणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. हाच प्रकार दुसऱ्या काचेच्या दारामागेही चालत असणार.

मी काही डोळे मिटून गेलो नव्हतो. अकाउंट्समध्ये नोकरी करतो. दुसऱ्यांच्या पावत्यांमधल्या चुका काढण्याचाच पगार घेतो. टॉवर ४ ओहमचे आहेत (ओहम कमी, तितका अ‍ॅम्पवर भार जास्त), सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरलेल्या व्होल्टला निघणारा आवाज, ८६ डेसिबल आहे, म्हणजे ते चालवायला दमदार अ‍ॅम्प लागणार, एवढं मला जायच्या आधी माहीत होतं. म्हणून पहिलाच प्रश्न विचारला, "हा रिसीव्हर हे टॉवर ओढेल का?" सेल्समन म्हणाला, "साहेब, १६५ वॅट पर चॅनल. सोसायटीचे सेक्रेटरी दारात येतील."

डेमो दिला. अंधारी खोली, एसी फुल, पडद्यावर हेलिकॉप्टर. छातीत दणके बसत होते. आणि आता तो क्षण, जो आठवला की आजही हातातली वस्तू फेकावीशी वाटते. जवळपास तासभर त्या आवाजात बसल्यावर मी उठलो, रॅकवरच्या रिसीव्हरवर तळहात ठेवला. थंड. नुसता कोमटही नाही, थंडगार.

क्लास एबीचा अ‍ॅम्प, पाच चॅनल, एवढा आवाज, आणि वरची जाळी थंड! असल्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरला जाते त्याच्या आसपास तेवढीच वीज उष्णतेत जाते. घरी माझा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प होता, नुसता चालू ठेवला तरी हिवाळ्यात मांजर त्याच्यावर येऊन झोपायचं. हे मला माहीत होतं! मी विचारलंसुद्धा, "गरम होत नाही का?" तो हसला. "नवीन टेक्नॉलॉजी आहे साहेब, आणि खोलीत एसी आहे." मीही हसलो.

रॅकच्या खाली पट्ट्यापट्ट्यांच्या दाराचं एक कॅबिनेट होतं. त्यातून निळा दिवा दिसत होता आणि मनगटाएवढ्या जाड वायरी बाहेर पडून थेट टॉवरकडे गेल्या होत्या. त्याबद्दलही विचारलं. म्हणे, "ते वायफायचं सामान." पोरगं वयाने लहान, शर्टावर बिल्ला, शब्दाशब्दाला साहेब. अशा मुलाला दार उघडून दाखव म्हणायला माणूस संकोचतो. तुम्ही संकोचू नका. रिसीव्हर पुढे ओढायला लावा, टॉवरची वायर त्याच्याच पाठीला लागली आहे का ते स्वतः बघा. रिसीव्हरच्या प्री-आउटमधून (दुसऱ्या अ‍ॅम्पला सिग्नल द्यायची मागची भोकं) बारीक केबल निघून दुसरीकडे जात असेल तर वाजतोय तो दुसराच. आणि डेमो त्यांच्या पडद्यावर नको, तुमच्या पेनड्राइव्हवर घ्या.

पैसे असे दिले : बुकिंगला २५,०००, दुसऱ्या दिवशी १,००,०००, डिलिव्हरीला ६१,५००. सगळे यूपीआयने. पैसे ज्या खात्यात जाणार ते नाव दुकानाचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. "मॅडम पार्टनर आहेत." बिल आलं ६०,००० चं, "ऑडिओ अ‍ॅक्सेसरीज", मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. "बाकीचं बिल सीए बनवतो, महिनाअखेरीस मेल करतो." आता मला शहाणपण शिकवायला येणाऱ्यांनो, जीएसटी वाचवायला मी हे केलं नाही. पूर्ण बिल मी तोंडाने मागितलं होतं, माझी बायको साक्षीला आहे.

तरी एक गोष्ट मलाच टोचते. बिलावर वर "प्रायव्हेट लिमिटेड" छापलेलं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, सुरुवात २७, म्हणजे महाराष्ट्र, बरोबर. पण त्यात तिसऱ्या अक्षरापासून पॅन असतो आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की तो कोणाचा. कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. माझ्या बिलावर ते अक्षर पी होतं. ऑफिसात हे मी झोपेत पकडतो. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत खोकं नीट बसतंय का ते बघत होतो.

खोकं म्हणजे टॉवरचं. रिसीव्हरचं खोकं दिलंच नाही. "वॉरंटीसाठी आमच्याकडे राहू दे, सेटिंग करूनच आणतो." बाहेरून आयात केलेल्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असावं लागतं, २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे. खोकंच हातात नाही तर मी काय वाचणार? खोकं सीलबंद, तुमच्या समोर फोडा. फोडताना व्हिडिओ काढा. त्यांना राग आला तर येऊ दे.

दुकानाचा पोऱ्या नवी मुंबईत घरी आला, सगळं बसवलं, रिसीव्हर टीव्हीच्या युनिटमध्ये भिंतीला टेकवून आत ढकलला आणि वर एक जड काळा डबा "फ्री" जोडून गेला. "तुमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं ना, म्हणून कंपनीकडून स्टॅबिलायझर." मी त्याला चहा आणि २०० रुपये दिले.

पहिल्याच शनिवारी जरा आवाज वाढवला आणि रिसीव्हर खटकन बंद. दिवा लुकलुकतोय. थोड्या वेळाने चालू, पुन्हा बंद. दुकानातून "इंजिनिअर" आला, मेनूत जाऊन ओहमचं सेटिंग ८ वरून खाली आणलं आणि म्हणाला, झालं. बंद पडायचं थांबलं खरं, पण जीवच गेला आवाजातला. ते सेटिंग अ‍ॅम्पची ताकद आवळतं, म्हणून तो तापत नाही. टॉवर काही त्याने जास्त चालत नाहीत. मग मी आवाज आणखी वाढवायचो. अ‍ॅम्प कमी पडला की लाटेचं टोक कापलं जातं, त्याला क्लिपिंग म्हणतात. त्यापायी उजव्या टॉवरचा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, गेला. ६,८०० रुपये.

मग मी मॅन्युअल घेऊन बसलो, तेही नेटवरून उतरवून. १६५ वॅट कसले, तर ६ ओहम, एकच चॅनल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातला बिघाड. खाली बारीक अक्षरात खरं लिहिलेलं : ८ ओहम, २ चॅनल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, ९५ वॅट. पाचही चॅनल एकदम चालले की त्याहूनही कमी. ४ ओहमचा आकडाच नाही. अमेरिकेत वॅट कसे छापायचे याचा नियम १९७४ पासून आहे आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक केला, ८ ओहम आणि पूर्ण पट्टाच धरायचा. आपल्या शोरूममध्ये अजून १६५ चालतंय.

आणि ते ८६ डेसिबल? ते मोजतात २.८३ व्होल्टला. ८ ओहमवर तेवढ्या व्होल्टला १ वॅट होतो, ४ ओहमवर २. म्हणजे माझे टॉवर १ वॅटला प्रत्यक्षात ८३. पुढे दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट, १० डेसिबलला दहापट. करा हिशोब. सबवूफर (नुसता बास वाजवणारा, स्वतःचा अ‍ॅम्प असलेला स्पीकर) घेऊन टॉवर मेनूत "स्मॉल" केले असते, ८० हर्ट्झच्या खालचा बास तिकडे वळवला असता, तरी रिसीव्हरवरचा बराच भार हलका झाला असता. मी सबवूफर मागितला होता! "टॉवर असताना सबवूफर कशाला साहेब?" तो विकला असता तर कॅबिनेटमधला खेळ उरलाच नसता, म्हणून नाही विकला.

तो खेळ कळला तो त्यांच्याच तोंडून. तक्रार घेऊन दुकानात गेलो तर मालक स्वतः आला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "एवढ्या टॉवरला पॉवर अ‍ॅम्प लागतोच. तुमच्यासाठी ६२,०००." आणि ते पट्ट्यांचं दार उघडून दाखवलं. निळा दिवा. वायफायचं सामान! डेमोचे टॉवर अजूनही त्यालाच जोडलेले. एक बैल दाखवायचा, दावणीला दुसरा बांधायचा, आणि मग पहिला पुन्हा वेगळ्या भावात विकायचा. मी ओरडलो, तर म्हणाला, "आवाज चढवू नका, इतर कस्टमर आहेत."

उरलंसुरलं अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी काढलं. त्यांनी रिसीव्हर बाहेर ओढून पाठ फिरवली. पट्टीवर छापलेलं, एसी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. अमेरिकेचा पीस. तो "स्टॅबिलायझर" म्हणजे २३० चं ११० करणारा ट्रान्सफॉर्मर, तोही ५०० व्हीएचा (ताकदीचं माप, वॅटसारखंच). दिवाळीच्या साफसफाईत कुणी प्लग थेट भिंतीत खुपसला असता तर ७९,५०० चा धूर. कुठलाही डबा फुकट मिळाला तर आधी त्यावर इनपुट किती, आउटपुट किती ते वाचा.

आता मदत करणाऱ्यांची कथा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर : "हा सिरियल भारतातला नाही." बरं, लेखी द्या. "लेखी देत नाही." बँक : "पिन तुम्हीच टाकला." ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, कंपनीने "आमचा अधिकृत विक्रेता नाही" असं उत्तर दिलं आणि तक्रारीवर शिक्का बसला : निकाली. कोणाची निकाली? एमआरपी छापलेलं खोकंच दिलं नाही म्हणून दुसऱ्या एका कार्यालयात गेलो, तिथले साहेब म्हणाले, खोकं आणा. खोकं दुकानात आहे म्हटलं. मग दुकानातून आणा. तिसऱ्यांदा समजावून सांगितल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं.

पोलीस तर विचारूच नका. "काका, सामान मिळालं ना? वाजतंय ना? मग फसवणूक कसली, सिव्हिल मॅटर आहे." १२० व्होल्टचा पीस २३० चा म्हणून गळ्यात मारला, डेमोत दुसरंच मशीन वाजवलं, हे सिव्हिल? मग म्हणे दुकान ठाण्यात, तिकडे जा. तिकडे म्हणे राहता नवी मुंबईत, तिकडे जा. दोन आयुक्तालयं, मध्ये खाडी, आणि मी पुलावर पेट्रोल जाळतोय. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, माहिती घ्यावीच लागते. मी प्रिंट काढून नेली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली. "वकील आहात?" नाही, अकाउंटंट. "मग अकाउंटंट साहेब, १,८६,५०० दिले तर बिल ६०,००० चंच कसं?" बाजूचा हवालदार हसला. अरे, दुकानदाराने न दिलेलं बिल मी घरी छापू? चोर सोडून माझीच झडती! शेवटी अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाली, तीही मी बाकावर बसून राहिलो म्हणून. पोच घेतल्याशिवाय कुठूनही उठू नका.

आता ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. ५ लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षं. यूपीआयचे स्क्रीनशॉट, ट्रान्सफॉर्मरचे फोटो, मागच्या पट्टीचा फोटो, सगळं लावलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी स्वतः लिहिलेलं "१६५ वॅट, इंडियन वॉरंटी" सुद्धा. तोंडी बोललेलं दुकानातून बाहेर पडल्या पडल्या मेसेज करून त्यांच्याकडून "हो" लिहून घ्या, हे एक मी नशिबाने केलं होतं. आणि कार्ड असेल तर कार्डानेच भरा, निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो.

वकिलाची नोटीस गेल्यावर मालकाचा फोन आला. "गुडविल म्हणून ४५,००० देतो, रिसीव्हर परत करा आणि तक्रार नाही असं लिहून द्या." मी म्हटलं, हेच लेटरहेडवर द्या, जीएसटी नंबरासकट. फोन ठेवला.

मागच्या रविवारी भाच्याला गिऱ्हाईक म्हणून पाठवला. रॅकवर तोच रिसीव्हर, तेच १६५ वॅट, तेच हेलिकॉप्टर. कॅबिनेटचं पट्ट्यांचं दार काढून सपाट लाकडी लावलंय, कुलूपही आहे. आणि रिसीव्हरचा भाव आता ८२,००० सांगतात.