मॅचलेस, व्हिक्टोरिया की टू-रॉक? हाताने बांधलेल्या तीन ट्यूब अँपच्या आवाजातला फरक

ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर, घ्यायचा म्हटलं की लोक आधी वॉट विचारतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: वाजवता वाजवता गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या बटणाला तुमचा हात जातो का?

जात असेल तर मॅचलेस डीसी-३० ऐकाच. १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या या कंपनीने व्हॉक्स एसी३० या जुन्या ब्रिटिश अँपचा धागा पुढे नेला: चार ईएल८४ ट्यूब, ३० वॉट, बारा इंची दोन स्पीकर. ई मेजर कॉर्ड वाजवा. सहाही तारा एकत्र वाजत असतात, तरी प्रत्येक तार सुटी ऐकू येते. वरच्या तारांना घंटेसारखी झळाळी असते. पिक जोरात मारला की कडांपासून आवाज फाटायला लागतो. तसंच वाजवत गिटारचं बटण दहावरून पाचवर आणा, फाटलेपण विरघळतं पण झळाळी टिकते. दुसऱ्या चॅनेलमध्ये, म्हणजे गिटारची वायर लावायच्या दुसऱ्या वाटेत, ईएफ८६ ट्यूब आहे. तिथे तोच कॉर्ड भरदार होतो, खर्जाच्या तारा छातीत जाणवतात. मात्र ही ट्यूब हादऱ्यांना हळवी असते. जुना अँप घेताना कॅबिनेटवर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून टणटण आली तर ट्यूब बदलायचा खर्च धरून चाला.

व्हिक्टोरिया २०११२ याहून साधा. फेंडरच्या १९५०च्या दशकातल्या ट्वीड डीलक्स या अँपवर तो बेतलेला आहे: दोन ६व्ही६ ट्यूब, दोन चॅनेलचे दोन व्हॉल्यूम आणि एकच टोन. गंमत म्हणजे ज्या चॅनेलमध्ये वायर लावलेलीच नाही, त्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी आवाजाचा पोत बदलतो. तिघांत हा सर्वांत लवकर फाटतो, आणि तो फाटलेपणा खरबरीत, मायाळू असतो. सिंगल कॉइल पिकअपवर (तारांचा आवाज टिपणाऱ्या एका गुंडाळीच्या चुंबकावर) ब्लूज वाजवणाऱ्याने पुढे वाचलं नाही तरी चालेल. हंबकरवर, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपवर, मात्र खर्ज गढूळ होतो.

टू-रॉक क्लासिक रिव्हर्ब सिग्नेचर अगदी वेगळ्या स्वभावाचा. अँप बांधणारे अलेक्झांडर डंबल २०२२ साली गेले. त्यांनी बांधलेले अँप मोजकेच, आणि ते आता आवाक्याबाहेर आहेत. त्या घराण्याचा नाद कॅलिफोर्नियाच्या या कंपनीकडे मिळतो. १०० वॉटच्या मॉडेलमध्ये आवाज स्वच्छ राहतो, सुराची आस लांबते आणि पेडल (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्या) छान खुलतात. बोट अर्धवट टेकलं तर तेही स्पष्ट ऐकू येतं.

१०० वॉट म्हणजे २० वॉटच्या पाचपट मोठा आवाज, असं नाही. फरक सातच डेसिबलचा. कानाला दुप्पटही वाटत नाही. जादा वॉटनी मिळते ती न फाटता वाजायची मोकळीक. २० वॉटचा व्हिक्टोरिया फाटेपर्यंत वाढवला तर फ्लॅटमध्ये शेजारी दार वाजवतीलच, त्यामुळे अटेन्युएटरचे, म्हणजे फाटलेपण ठेवून आवाज कमी करणाऱ्या डबीचे, पैसे बाजूला ठेवा.

अमेरिकेहून कुणी आणून देत असेल, तर मागे १२० व्होल्ट लिहिलंय का ते आधी पाहा. असल्यास आपल्या २३० व्होल्टला थेट लावू नका, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो ३० वॉटच्या हिशोबाने घेऊ नका. तो आकडा स्पीकरला मिळणाऱ्या वीजेचा, भिंतीतून अँप कितीतरी जास्त ओढतो.

पेडलबोर्ड मोठा असेल तर टू-रॉक. एक गिटार, एक वायर आणि बोटं एवढाच संसार असेल, तर मी मॅचलेस घेईन, ईएफ८६च्या चॅनेलसाठी.