माळ्यावरच्या रेकॉर्ड्ससाठी ऑडिओ-टेक्निका एलपी६०एक्स: सोलापूरच्या हवेत वापरण्याआधी

बीटल्स, पिंक फ्लॉइड, ॲबा, बोनी एम यांच्या रेकॉर्ड्स पेठेतल्या घरांत अजून माळ्यावर सापडतात. त्या पुन्हा ऐकायच्या आहेत, पण वजनं लावण्या-जुळवण्याच्या फंदात पडायचं नाही, अशा घरासाठी ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एटी-एलपी६०एक्स हा रेकॉर्ड प्लेअर योग्य आहे. बटण दाबलं की आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आपोआप रेकॉर्डवर जातो आणि बाजू संपली की जागेवर परत येतो. वेग दोनच, मिनिटाला ३३⅓ आणि ४५ फेरे. सुईचा दाब कारखान्यातच ठरवलेला असतो, आपल्याला तो बदलता येत नाही. नवख्या माणसासाठी हीच सोय आहे. वाकलेल्या रेकॉर्डला मात्र इथे इलाज उरत नाही.

जोडणी दहा मिनिटांची. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, बसवायचा, त्याच्या भोकातून दिसणारी रिबन ओढून बेल्ट मोटरच्या पितळी पुलीवर चढवायचा आणि रिबन काढून टाकायची. प्लॅटर हाताने आठ-दहा वेळा फिरवला की बेल्टचा पीळ निघतो. हे राहून गेलं तर सूर डळमळतो आणि दोष उगाच रेकॉर्डला लागतो.

मागे फोनो आणि लाइन असं बटण आहे, सर्वात जास्त चुका तिथेच होतात. रेकॉर्ड बनवताना तिच्या खाचेत खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम जास्त ठेवलेले असतात, ते उलटं करून देण्याचं काम फोनो प्रीॲम्प्लिफायर करतो. तो या प्लेअरमध्येच आहे. होम थिएटरच्या ऑक्स सॉकेटला किंवा पॉवर्ड (आत ॲम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरला जोडताना बटण लाइनवर हवं, नाहीतर आवाज बारीक आणि किनरा येतो. जुन्या ॲम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटला जोडताना ते फोनोवरच हवं, नाहीतर आवाज दोनदा वाढून फाटतो.

आता आवाज. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. सोबत येणारी सुई गोल टोकाची आहे. शेवटच्या गाण्यात खाच दाटते आणि तिथे ही सुई कमी पडते, ‘स’ आणि ‘श’ खरखरीत ऐकू येतात. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची सुरुवात आणि शेवट दोन्ही हृदयाच्या ठोक्यांवर आहेत. इतक्या हळू आवाजात धुळीची प्रत्येक चटचट कानावर येते, म्हणून रेकॉर्ड कितपत साफ झाली हे तपासायला ती उत्तम. मधल्या भागातला खर्ज आणि आवाजाची ऊब मात्र या किमतीच्या मशीनकडून अपेक्षा असते त्याहून चांगली आहे.

बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ची पहिली बाजू वाऱ्यासारख्या घोंघावात एकदम तुटते. तो प्लेअरचा बिघाड नव्हे, टेप मुद्दाम तशी कापलेली आहे. त्यांच्याच १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स’च्या मूळ ब्रिटिश आवृत्तीत शेवटच्या खाचेत बोलण्याचा तुकडा गोल गोल फिरत राहतो. इथे आर्म स्वतःहून उचलला जातो, त्यामुळे ती गंमत पुरती ऐकायला मिळत नाही. एवढ्यासाठी तरी हाताने चालवायचा प्लेअर हवा असं वाटतं. डायर स्ट्रेट्सच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची काही गाणी सीडीपेक्षा एलपीवर (मोठ्या ३३⅓ च्या रेकॉर्डवर) छोटी आहेत. जागा पुरावी म्हणून ती कापलेली आहेत.

सोलापूरचं ऊन हा वेगळाच विषय. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या एलपी बशीसारख्या होतात. रेकॉर्ड काचेवर ठेवून पाहा. कड स्पष्ट उचललेली दिसली तर या प्लेअरवर सुई उडणारच. बाकीच्या रेकॉर्ड्स खालच्या मजल्यावरच्या खोलीत उभ्या ठेवा. कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे धूळ ओढली जाते, म्हणून प्लेअरवर झाकण हवंच. सोलापुरी चादर त्यावर टाकू नका आणि टेरी टॉवेलने रेकॉर्ड पुसू नका, सुताचा तंतू सुईत गुंततो.

धुताना बोअरचं पाणी टाळा, क्षार खाचेत बसतात. चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड. मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा, आणि सावलीत उभी वाळवा. सुई ब्रशने मागून पुढे साफ करायची, आडवी कधीच नाही. ती ३०० ते ५०० तास टिकते. एटीएन३६००एल ही बदली सुई प्लेअरबरोबरच मागवून ठेवलेली बरी. झिजलेली सुई एकाच फेरीत रेकॉर्डचं जे नुकसान करते ते भरून येत नाही.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या तबकड्या या प्लेअरवर लावू नका. तो वेगही नाही आणि त्या रुंद खाचेसाठी ही सुईही नाही. माळ्यावर बीटल्सची ७८ ची तबकडी निघाली तर विशेष जपा. जगात इतरत्र ७८ बंद होत आल्या होत्या तेव्हा भारतात बीटल्सची गाणी त्यावर निघत होती, आणि संग्राहक त्या शोधत असतात. वरचं अल्कोहोलचं मिश्रण त्यांना लावू नका, त्यातली लाख विरघळते.